टाकीतला कौल

मी सासरहून परत आले तेव्हा आईने दार उघडलं आणि पहिलं वाक्य म्हणाली ते असं, "चपला बाहेर काढ, आत्ताच लादी पुसलीय." मी चपला काढल्या. बॅग दाराशी ठेवली आणि आत जाऊन माशांच्या टाकीसमोर बसले. त्या दिवशी मला कोणी काही विचारलं नाही आणि मीही काही सांगितलं नाही. श्रावण होता, घरात बिरड्याचा वास सुटला होता, आणि आपल्याला भूक लागलीय की नाही तेच मला कळत नव्हतं.

लग्नाला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. सासर बोरिवलीला. नवरा बँकेत, निर्व्यसनी, दिसायला बरा. मारायचा. रोज नाही. रोज मारत नव्हता म्हणूनच सगळ्यांना वाटायचं की जमेल. मलाही वाटायचं. मग एक दिवस तापल्या तव्यावर माझा हात टेकला आणि चटका बसतोय हे मला कळलंच नाही. सासू ओरडली तेव्हा हात उचलला. त्याच दुपारी मी बॅग भरली. धाडस-बिडस काही नव्हतं हं त्यात. आता पन्नास वेळा लोक मला म्हणतात, त्या काळात केवढी हिंमत केलीस, आणि माझं डोकं फिरतं. स्टॉपवर जाऊन उभी राहिले आणि बस आली, एवढंच. बस आली नसती तर परत घरी गेले असते आणि भात लावला असता.

आमचं माहेरचं घर म्हणजे मुलुंडला एका जुन्या बिल्डिंगमध्ये तळमजल्याच्या दोन खोल्या. बाबा आधी गिरणीत होते. संपात गिरणी गेली ती गेलीच. मग ते मुलुंडच्याच एका छोट्या कारखान्यात, जिथे औषधाच्या बाटल्या भरत, स्टोअर सांभाळायला लागले. टाकी त्या कारखान्याच्या मालकाची. त्याला केबिनमध्ये शोभा हवी होती म्हणून त्याने ती आणली आणि जे जे रंगीत दिसेल ते आत सोडलं. सोमवारी केबिन उघडली की मेलेले मासे जाळीने काढायचं काम बाबांचं. "मालक, कोण कोणाबरोबर राहील ते बघून घ्यावं लागतं," असं बाबा सांगायचे आणि मालक म्हणायचा, "अरे, मासा म्हणजे मासा." शेवटी वैतागून त्याने सगळं लटांबर बाबांनाच देऊन टाकलं, लोखंडी स्टँड आणि घरघरणाऱ्या पंपासकट.

बाबांनी टाकी घरी आणली, पाणी भरलं आणि मासे न सोडता नुसतं पाणीच कितीतरी दिवस ठेवलं. आई म्हणाली, "पाण्याला पाहुणचार चाललाय का?" ते म्हणाले, पाणी मुरावं लागतं. मग घाटकोपरच्या एका दुकानातून ते एकेक जोडी करून मासे आणायला लागले. त्यांचे नियम साधे होते. ज्याच्या तोंडात दुसरा मावतो ती दोघं एका पाण्यात ठेवायची नाहीत. लांब शेपटीवाल्यांबरोबर कुरतडणारे ठेवायचे नाहीत. काही वर फिरणारे घ्यायचे, काही मधे, काही तळाला, म्हणजे कोणी कोणाच्या वाटेत येत नाही. काहींना एकट्याने करमत नाही, ते थव्याने घ्यायचे. आणि फायटर नावाचा एक लाल मासा असतो, त्याला दुसरा कोणी डोळ्यासमोर नको असतो, तो तर घरातच आणायचा नाही.

अशी निवड करून त्यांनी आमची टाकी बसवली होती. वर गप्पी, मधे टेट्रांचा थवा आणि मोली, कोपऱ्यात गुरामीची जोडी, आणि तळाला काच चाटत फिरणारा एक काळा मासा, ज्याला आई भांडीवाली म्हणायची. आई कोकणातली, तिच्या हिशेबी मासा म्हणजे ताटातली गोष्ट. "एकाच्या अंगावर घासभर मांस नाही," म्हणायची. "तळायला घेतला तर तेलात शोधावा लागेल." पण बाबांना भारी अभिमान. कोणी आलं की म्हणायचे, "आमच्या टाकीत भांडण नाही." हे वाक्य मी लग्नाआधी इतक्यांदा ऐकलं होतं की मला त्याचा कंटाळा आला होता.

परत आल्यावर मी दिवसभर त्या टाकीसमोर बसून असायची. त्यात काही दिसायचं म्हणून नव्हे. डोळे कुठेतरी ठेवावे लागतात म्हणून. एकदा आई माझ्या डोक्याला तेल लावत होती. मानेखालचे केस तिने वर केले आणि तिचा हात थांबला. पाठीवर जे होतं ते तिने बघितलं. मग परत हात चालू झाला. तेल जरा जास्त ओतलं. दुसऱ्या दिवसापासून बाबा माझ्याकडे बघेनासे झाले. बोलायचे ते टाकीकडे तोंड करून. "जेवलीस का?" हे गप्पींना विचारल्यासारखं.

आता आमच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. आमच्या गावात काही ठरवायचं असलं की देवाला कौल लावतात. देवळातला गुरव पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि मग सगळे श्वास रोखून बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. जमीन घ्यायची, विहीर खणायची, मुलगी द्यायची, सगळं विचारून. माझं स्थळ मोठ्या काकांनी आणलं होतं. मोठे काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, भांडुपला राहायचे. दोघं भाऊ खास गावी गेले, कौल लावला, आणि देवाने झटक्यात उजवा दिला. काका तर सगळ्यांना सांगत फिरले, पाकळी लावून गुरवाचा हात बाजूला व्हायच्या आत पडली म्हणून.

मी परत आले त्या वर्षी बाबा गणपतीला गावी गेले नाहीत. हे आमच्याकडे म्हणजे अगदीच अघटित. आईने विचारलं, "रजा नाही मिळाली?" ते म्हणाले, "रजा आहे. मीच जात नाही." देवावर रुसलेला माणूस मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. एरवी मला गंमत वाटली असती, नाहीतर रडू आलं असतं. तेव्हा काहीच झालं नाही. आत कोणीतरी ओलं फडकं पसरून ठेवलं होतं, त्याच्यावर काय पडतंय त्याचा आवाजच यायचा नाही.

गणपती झाल्यावर काका गावाहून आले ते कोकमं, नारळ आणि प्रसाद घेऊन आमच्याकडे. चहा घेतला आणि सरळ माझ्या मुद्द्यावर आले. "चेडू किती दिवस हय रवतला? लोक काय म्हणतले?" ते बोरिवलीला जाऊन आले होते. तिकडची माणसं वाईट नव्हती म्हणे. "तो सांगता, परत असा करूचंय नाय म्हणान." आता पितृपक्ष लागणार, त्यात मुलीला पाठवायचं नाही, पण दसऱ्याला चांगला मुहूर्त आहे, दसऱ्याला पोचवून येऊ.

बाबांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "कौल घेऊया."

काका खूश झाले. "मगे गावाक चल. गुरवाक सांगून ठेवतंय."

"गावाला नाही. त्याने एकदा दिला तेवढा पुरे. इथेच घेतो."

आणि ते उठले, टाकीसमोर जाऊन हात जोडून उभे राहिले. मी त्यांच्या पायाशीच बसले होते. देवळात घालतात तसं त्यांनी गाऱ्हाणं घातलं, त्याच ठेक्यात. बा देवा महाराजा, या पाण्यात दसऱ्यापर्यंत कोणी कोणाचा जीव घेतला नाही, तर माझी लेक दसऱ्याला तिच्या घरी जाईल. घेतला, तर ती जाणार नाही. उजवा तर उजवा, डावा तर डावा.

"व्हय महाराजा," काका म्हणाले.

सवयीने म्हणाले हो. जन्मभर गाऱ्हाण्याच्या शेवटी ते म्हणायचं असतं म्हणून तोंडातून गेलं. पण गेलं ते गेलं. आमच्याकडे एकदा व्हय महाराजा म्हटलं की मागे फिरता येत नाही. काकांनी जीभ चावली, मग टाकीत डोकावले, आणि त्यांचा चेहरा उजळला. गप्पी, मोली, सगळे आपापल्या मजल्यावर शहाण्यासारखे फिरत होते. "हेंच्यात खंयचा भांडाण होतला?" असं म्हणून ते निर्धास्त मनाने भांडुपला गेले.

मला कोणी विचारलं नाही. देवाला विचारून झालं होतं, आता माशांना विचारायचं ठरलं. मी तिथेच, हाताच्या अंतरावर. आज ते आठवलं की संताप होतो, कपबशी आपटावीशी वाटते. तेव्हा मी उठून कप विसळले.

पुढच्या रविवारी बाबा घाटकोपरहून प्लॅस्टिकच्या पिशवीत एक मासा घेऊन आले. लालभडक, लांब पिसाऱ्याचा. फायटर. आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. तिलाही नियम पाठ होते. "अहो, हा घ्यायचा नसतो ना?"

"जरा रंग नको टाकीत?" बाबा म्हणाले आणि त्यांनी पिशवी पाण्यात सोडली.

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग आत गेली आणि नेहमीपेक्षा जोरात पोळ्या लाटायला लागली.

फायटर बाहेर आला. सगळे गप्पी आपल्या झुबकेदार शेपट्या हलवत त्याच्या नाकासमोरून गेले. दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे लांब शेपटीचा नर दिसला की फायटरला तो दुसरा फायटरच वाटतो आणि तो तुटून पडतो. आमच्या फायटरने त्यांच्याकडे बघितलं, वरच्या कोपऱ्यात गेला, आणि पंपाच्या नळीला टेकून राहिला. झालं. दुसऱ्या दिवशीही तिथेच. तिसऱ्या दिवशीही. दाणे टाकले की तेवढ्यापुरता पुढे यायचा, दोन घास खायचा, परत नळीशी. माझी आणि त्या माशाची तुलना करायची नाही, आत्ताच सांगते. मला ती आवडत नाही. मी नुसती बघत होते.

पुढच्या वेळी बाबा मला बरोबर घेऊन गेले. "चल, तेवढाच बदल," म्हणाले. घाटकोपर स्टेशनजवळचं ते दुकान म्हणजे एक बोळ, दोन्ही बाजूंना काचेच्या टाक्या, आणि ओल्या वाळूचा कुबट वास. दुकानदाराने बाबांना ओळखलं. मी ऐकू नये म्हणून बाबांनी आवाज खाली आणला, पण त्या बोळात खाली आणून किती आणणार.

"वो लाल वाला कुछ करता नहीं. और कोई दो. एकदम झगडालू."

दुकानदार हसला. "काका, सब लोग पूछता है कौनसा मच्छी साथ में रहेगा. पहले आप भी वोही पूछता था. अब उलटा पूछता है?"

"हां. जो किसी के साथ नहीं रहेगा, वो दो."

मी ऐकलं. समजलंही. माझे बाबा, ज्यांनी आयुष्यात कधी तिकीट न काढता प्रवास केला नाही, ते देवाच्या कौलात लबाडी करत होते, आणि ती माझ्यासाठी. मला घरी ठेवायचं होतं त्यांना. हे मला लख्ख समजलं, जसं भिंतीवरचं कॅलेंडर वाचावं तसं. आणि आत काही हललं नाही. मी समोरच्या टाकीतली कासवं बघत उभी राहिले.

आम्ही टायगर बार्ब घेऊन आलो. पिवळे, अंगावर काळे पट्टे, एका जागी न थांबणारे. लांब शेपट्यांचे तुकडे तोडण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही, असं दुकानदाराने छातीठोक सांगितलं होतं. ते टाकीत गेले, पहिला अर्धा तास इकडून तिकडे पळापळ केली, टेट्रा बिचारे दगडामागे दडले. बाबा स्टूल घेऊन समोर बसले. मग बार्बांनी आपापसात काय ते ठरवलं असावं, एकमेकांचा पाठलाग करत खेळायला लागले, आणि बाकीच्यांकडे ढुंकूनही बघेनात. संध्याकाळपर्यंत टेट्राही बाहेर आले. मालकाने केबिनमध्ये न बघता मासे सोडले तेव्हा दर सोमवारी मुडदे निघत होते, आणि आता बाबांनी मुद्दाम एकमेकांचे वैरी आणून सोडले तर टाकीत नांदा सौख्यभरे चाललेलं.

त्यांनी मग काय काय केलं. लपायला जागा राहू नये म्हणून दगड काढले. एकदा मी न्हाऊन बाहेर आले तर बाबा आईचा छोटा आरसा टाकीच्या काचेला लावून उभे. फायटरला आरशात स्वतःचं रूप दिसलं की तो पिसारा फुलवून चवताळतो म्हणे. आमच्याने आरशात बघितलं आणि तोंड फिरवलं. आई दारात होती. म्हणाली, "पावडर पण लावा त्याला. दसरा आलाय." तिचा आवाज मात्र थट्टेचा नव्हता. तीही रोज सकाळी उठल्या उठल्या आधी टाकीत बघायची, कोणी उताणं तरंगतंय का. पदर तोंडाला लावून बघायची, आणि मग दूध तापवायला जायची. आम्ही तिघंही एका मेलेल्या माशाची वाट बघत होतो, आणि त्याबद्दल अवाक्षर कोणी काढत नव्हतं. उपाशी ठेवले असते तर कदाचित भांडले असते. पण ते बाबांना जमलं नाही. सकाळ-संध्याकाळ चिमूटभर दाणे पडायचेच.

नवरात्रात नवरा आला. काका घेऊन आले त्याला. इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. बाबा "या, जावईबापू" म्हणाले, आईने पाणी दिलं. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली आणि खुर्ची टाकीजवळ ओढली. "छान आहे हो," म्हणाला, आणि बोटाच्या पेराने काचेवर टकटक केलं. नुसतं टकटक. मासे दचकून पांगले. त्याने परत केलं, जरा जोरात, फायटर हलत का नाही म्हणून.

माझा उजवा खांदा वर गेला, कानापर्यंत. मला तो वर गेलेला कळलाच नव्हता. मला कळलं ते बाबा माझ्या खांद्याकडे बघत होते म्हणून.

"काच वाजवू नका," बाबा म्हणाले.

"अहो, गंमत."

"त्यांना त्रास होतो. वाजवू नका."

जावयाशी त्या स्वरात आमच्याकडे कोणी बोलत नाही. काकांनी खाकरून विषय बदलला. निघताना नवरा मला म्हणाला, "दसऱ्याला तयार राहा." मी हो म्हटलं. तेव्हा मी सगळ्यालाच हो म्हणत होते. आई म्हणायची आमटी वाढू का, हो. शेजारची बाई विचारायची बरं आहे ना, हो.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी मी बॅग भरली. कोणी सांगितलं नव्हतं, पण टाकीत सगळे जिवंत होते, म्हणजे भरायलाच हवी होती. आईने माझी नवी साडी आपण होऊन घडी करून दिली आणि मग ती घडी मोडून परत घातली, परत मोडली. बाबा टाकीसमोर स्टुलावर बसले होते. मी त्यांना म्हटलं, "झोपा आता." ते म्हणाले, "तू झोप."

सकाळी उठले तर घरात झेंडूचा वास. बाबांनी दसऱ्याची पूजा मांडली होती, स्क्रू-ड्रायव्हर, पकड, आईची विळी, आणि टाकीच्या पंपालाही हार. काका दहाच्या सुमारास आले, खिशात आपट्याची पानं, चेहरा मोकळा. बॅग दाराशी बघितली आणि समाधानाने मान हलवली. मग कौल बघायचा म्हणून टाकीपुढे गेले, चष्मा पुसला, वाकले.

"तो तांबडो खंय गेलो?"

मीही बघितलं. नळीजवळचा कोपरा रिकामा होता.

"मेला," बाबा म्हणाले. "काल बार्बांनी फाडला."

"मेलो? कसो मेलो? परवा तर बरो होतो."

"काल मेला. तुळशीत पुरला."

काका सरळ झाले. दारातल्या तुळशीच्या कुंडीकडे त्यांनी बघितलं. मीही बघितलं. माती कोरडी होती, वर आईने घातलेली हळदीकुंकवाची बोटं जशीच्या तशी. काका त्या मातीकडे पुष्कळ वेळ बघत होते. मग त्यांनी धाकट्या भावाकडे बघितलं. बाबांनी नजर खाली घेतली नाही. हात मात्र पूजेतल्या पकडीवर गेला आणि ती उगाचच सरळ करत राहिला.

"डावो पडलो तर," काका म्हणाले.

"डावा पडला."

"व्हय महाराजा," काका म्हणाले, अगदी हळू, आणि खिशातून आपट्याची पानं काढली. सोनं घ्या, सोन्यासारखे राहा म्हणून आम्हा तिघांच्या हातावर ठेवली. माझ्या हातावर ठेवताना त्यांनी माझी मूठ दोन्ही हातांनी बंद केली. जेवायला थांबले नाहीत. जाताना दाराशी चपला घालत म्हणाले, "मी सांगतंय तेंका," म्हणजे बोरिवलीला. माझी बॅग त्यांच्या वाटेत होती. ती त्यांनी उचलून आत ठेवली.

दार लागलं. आई म्हणाली, "वरच्या फळीवरची लोणच्याची बरणी काढ. दोन्ही हातांनी. सांभाळून."

मी स्टुलावर चढले. बरणी काचेची, तोंडाला फडकं बांधलेलं, नेहमीसारखी. पण हाताला हलणारं वजन लागलं. खाली आणून ओट्यावर ठेवली तेव्हा आत पाणी होतं आणि पाण्यात फायटर. बरणीच्या गोल काचेत त्याला स्वतःचं प्रतिबिंब चहूबाजूंनी दिसत होतं, आणि तो, जो तीन आठवडे नळीला टेकून बसला होता, ज्याला आरसा दाखवून बाबांचे हात दुखले होते, तो मेला आता आपला सगळा पिसारा फुलवून, गाल फुगवून, त्या बरणीत स्वतःशीच भांडत होता.

मला हसू आलं. आधी हसूच आलं. मग मला थांबताच येईना, आणि कधी त्याचं रडणं झालं ते कळलं नाही. ओट्याला धरून उभी राहिले. आईने गॅस बारीक केला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. तिथेच. दुखलं. पाठ अजून दुखते आहे हे मला दीड-दोन महिन्यांत पहिल्यांदा कळलं.

बाबा दाराच्या चौकटीत येऊन उभे होते. मारायचं जिवावर आलं, म्हणाले, बरणीकडे बघत. जाळी घेऊन बसलो रात्री, पण जमेना.

"तुम्ही देवाशी खोटं बोललात," मी म्हटलं. आवाज चढला होता माझा. इतक्या दिवसांत तो चढला नव्हता.

"त्याचं आणि माझं आम्ही बघून घेऊ."

"मग एवढं सगळं कशाला केलंत? तो फायटर, ते बार्ब, तो आरसा. मला का नाही विचारलंत? मी तिथेच बसलेली असायचे ना, रोज? सगळ्या जगाला विचारलंत, माशांना विचारलंत, मला एका शब्दाने विचारायचं नाही?"

बाबांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. टाकीकडे नाही, माझ्याकडे.

"विचारलं असतं तर काय सांगितलं असतंस?"

मला उत्तर माहीत होतं. जाते, म्हटलं असतं. आमटी वाढू का, हो. दसऱ्याला तयार राहा, हो. बाबांनी विचारलं असतं, जातेस का, तर मी हो म्हटलं असतं आणि गेले असते.

"म्हणून नाही विचारलं," बाबा म्हणाले. "तू हो म्हणाली असतीस तर मग मी काय करणार होतो?"

बरणीतला मासा दमून पिसारा मिटून घेत होता. बाबांच्या हातात आपट्याचं पान तसंच होतं, चुरगळलेलं.

"आता विचारतो," ते म्हणाले. "जायचंय?"

"नाही."

"बरं," बाबा म्हणाले, आणि फायटरला दाणे आणायला बाहेरच्या खोलीत गेले. आईने कढईत पुरी सोडली, ती टम्म फुगली, तेलाचा वास घरभर झाला, आणि मला सडकून भूक लागली.